दोन्ही टोकांचा करार

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तिची एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तारखात्याने क्रमांक दिले होते. तारेतून केवळ आकडा जाई आणि पलीकडचे कार्यालय यादी पाहून पूर्ण वाक्य लिहून देई. अर्थात, ती यादी दोन्ही टोकांना असणे आवश्यक होते.

प्रवेशाच्या वा शिष्यवृत्तीच्या याद्या संगणकावरून मागवतानाही हेच तत्त्व वापरतात. माहितीसाठा सांभाळतो तो सर्व्हर व मागतो तो क्लायंट. दोहोंमधील मार्ग मंद असल्यास माहिती संक्षिप्त करून पाठवतात. मराठीला याची गरज विशेष! यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. ‘मराठी’ हा शब्द काना-वेलांटी धरून ५ चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा होतो. मात्र या तिहींतील पहिला बाइट सदैव तोच असतो; आणि पुनरावृत्ती गाळणे हेच तर संक्षेपाचे काम होय.

मग एवढे करूनही यादी रेंगाळली, तर दोष कोठे शोधावा? मायएसक्यूएल या प्रणालीचे उदाहरण घेऊ. प्रथम तर्क न लढवता प्रणालीलाच ‘कॉम्प्रेशन’ची स्थिती विचारावी. उत्तर ‘ऑफ’ आले, तर करार झालेलाच नाही. संक्षेपाची मागणी क्लायंटने करावी लागते आणि ती पद्धत सर्व्हरलाही मान्य असावी लागते. झेडस्टँडर्ड ही पद्धत २०१९ मधील ८.०.१८ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या सर्व्हरला ती कळत नाही. क्लायंटने संक्षेपाविना चालेल अशीही मुभा दिली असेल, तर प्रणाली कसलीही तक्रार न करता तोच मार्ग धरते. काम चालते, पण मंद गतीने.

उत्तर ‘ऑन’ असूनही लाभ नसेल, तर पाठवलेली वस्तू पाहावी. जेपीईजी छायाचित्रे आधीच संक्षिप्त असतात. ५० बाइटांहून लहान संदेश प्रणाली तसेच पाठवते. दोन्ही टोके एकाच यंत्रावर असतील, तर संक्षेपाचे श्रमच व्यर्थ! शेवटी तीच यादी सर्व्हरवर बसून मागवावी. तेथेही विलंब होत असेल, तर दोष मार्गाचा नसून शोधण्याच्या रीतीचा आहे.

अर्जाच्या अखेरच्या दिवशी ‘सर्व्हर स्लो आहे’ हे उत्तर खिडकीपाशी आपण सर्वांनीच ऐकले आहे. ते दैवाचे बोल नव्हेत. मंदपणाला कारण असते, आणि क्रमाने विचारत गेल्यास ते सापडते.