प्रवरेकाठी मेटल डिटेक्टर घेऊन

भंडारदऱ्याला भरती-ओहोटी नाही, बुडालेली जहाजंही नाहीत. पण उन्हाळ्यात १९२६ च्या विल्सन धरणाचं पाणी उतरलं, काठ उघडा पडला की हौशी मंडळींचे हात शिवशिवतात. डिटेक्टरची तबकडी चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत वीजप्रवाह फिरतो, यंत्र तो टिपतं. इथल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे यंत्र नुसत्या दगडावरही बोंबलतं!

खरं घबाड मिळालं ते याच प्रवरेच्या काठी, खाली दायमाबादला, तेही यंत्राविना. १९७४ मध्ये झुडपाची मुळं खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. चारही धातूचे, मिळून ६० किलोंहून जड.

आणि हो, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांवरचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.