उद्याचा चढाईपटू आज कसा ओळखायचा?

भातकापणी आणि झोडणी आटोपली की रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात कबड्डीची मैदानं तयार व्हायला लागतात. गोरेगाव, इंदापूर, लोणेरे, निजामपूर या भागात माती चाळली जाते, पाणी मारून चोपली जाते, फक्कीने रेषा आखल्या जातात आणि खांबांवर दिवे चढतात. बहुतेक संघ ग्रामदैवताच्या नावाने उतरतात. मुंबईला कामाला असलेली पोरं सामन्यासाठी कोकण रेल्वेने किंवा एसटीने गावी येतात. रात्र सरता सरता अंतिम सामना होतो आणि मग चषकांबरोबर वैयक्तिक बक्षिसं जाहीर होतात: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, पब्लिक हिरो, मालिकावीर.

त्या रात्री सर्वांत चांगलं कोण खेळलं, एवढंच या बक्षिसांवरून कळतं. व्यावसायिक संघाला यापेक्षा बरंच अवघड उत्तर हवं असतं. अठरा-एकोणीस वर्षांची पंधरा मुलं समोर उभी आहेत; यातला कोण तीन वर्षांनी देशातल्या सर्वोत्तम बचावफळीत घुसून गुण घेऊन परत येईल? पहिला कोण, पाचवा कोण, आणि कोणाला आत्ताच घरी पाठवायचं? नव्या खेळाडूंचा असा क्रम लावणं हे आता जगभरच्या व्यावसायिक खेळांत स्वतंत्र काम झालं आहे. आपल्याकडे ते सर्वांत स्पष्टपणे दिसतं ते प्रो कबड्डी लीगमध्ये.

ही लीग 2014 साली आठ संघांनिशी सुरू झाली आणि 2017 मध्ये संघ बारा झाले. महाराष्ट्राचे यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ पहिल्या हंगामापासून आहेत. लिलावात नामांकित खेळाडूंवर लागणाऱ्या बोलीची बातमी होते, पण संघबांधणीचा पाया असतो तो नव्या तरुण खेळाडूंच्या निवडीत. बावीस वर्षांच्या आतल्या या मुलांना संघ तुलनेने कमी मानधनावर करारबद्ध करतात आणि चांगली निघाली तर पुढच्या हंगामांसाठी राखून ठेवतात. निवड अचूक ठरली की दोन फायदे होतात: मैदानावर दर्जेदार खेळाडू मिळतो आणि वाचलेला पैसा दुसऱ्या जागेसाठी वापरता येतो.

पुणेरी पलटणचं उदाहरण यासाठी मुद्दाम पाहण्यासारखं आहे. आठवा हंगाम कोविडमुळे डिसेंबर 2021 ते फेब्रुवारी 2022 या काळात संपूर्णपणे बंगळुरूत खेळवला गेला. पलटणकडे तेव्हा राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन गाजलेले चढाईपटू होते. कागदावर क्रम लावला असता तर चढाईच्या पहिल्या दोन जागा त्यांच्याच होत्या. पण हंगाम पुढे सरकला तशी चढायांची मुख्य जबाबदारी दोन नवख्या मुलांकडे आली: अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. पंकज मोहिते 2019 पासून संघात होताच. पुढच्या हंगामात नाशिकचा आकाश शिंदेही चढाईत ठळकपणे पुढे आला.

संघाने ही मुलं सोडली नाहीत. नवव्या हंगामात पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाला राखलेल्या खेळाडूंसह संपूर्ण संघावर जास्तीत जास्त पाच कोटी रुपये खर्च करता येत होते. पलटणने त्यातले 2 कोटी 35 लाख इराणच्या मोहम्मदरझा शादलुई या एकट्या अष्टपैलू बचावपटूवर लावले. बाकीच्या जागा राखून ठेवलेल्या तरुणांनी भरलेल्या असल्यामुळेच जवळजवळ निम्मी रक्कम एकाच खेळाडूवर खर्च करणं परवडलं. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात पंकज मोहितेची एकाच चढाईत चार गुण आणणारी अव्वल चढाई निर्णायक ठरली, तर कर्णधार अस्लम इनामदार हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याआधी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही अस्लम आणि आकाश होते.

मग अशी मुलं ओळखायची कशी?

पहिली तपासणी गुणांची, पण नुसत्या बेरजेची नाही. समजा एका मुलाने सामन्यात दहा गुण मिळवले आणि दुसऱ्याने आठ. पहिल्याने त्यासाठी पंचवीस चढाया केल्या आणि सहा वेळा पकडला गेला; दुसऱ्याने बारा चढाया केल्या आणि एकदाच पकडला गेला. गावच्या फलकावर पहिला वरचढ दिसेल, अनुभवी प्रशिक्षक दुसऱ्याला वर ठेवेल. गुण कोणत्या परिस्थितीत आले हेही बघावं लागतं. समोर किमान सहा बचावपटू असले तरच बोनस मिळतो. तिथे बोनस रेषेवर पाय टेकवून परतणं हे एक कौशल्य, समोर तीनच गडी असताना एकाला बाद करणं हे वेगळं. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर ती अव्वल पकड होते आणि बचाव करणाऱ्या संघाला एक जादा गुण मिळतो, त्यामुळे कमी गडी म्हणजे सोपी चढाई असं गणित नसतं. आणि सर्वांत मोलाची ती तिसरी चढाई. संघाच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद होतो. तीस सेकंदांत, समोरच्या सातही जणांना तो धोका पत्करणार हे ठाऊक असताना गुण आणणारा मुलगा यादीत वर चढतोच.

दुसरी तपासणी शरीराची. कुमार गटात मुलांसाठी वीस वर्षांखालचं वय आणि 70 किलोखालचं वजन अशी मर्यादा आहे, तर वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा 85 किलोपर्यंत जाते. 69 किलोंचा, पूर्ण वाढ झालेला, दंड-मांड्या भरलेला मुलगा कुमार गटात समोरच्याला ओढत रेषेपर्यंत नेतो. वरिष्ठ गटात मात्र त्याला दहा-पंधरा किलोंनी जड कोपरारक्षक घोट्याला धरतो. त्याच्या शेजारी एखादा उंच, लांब हातापायांचा, अजून भरायचा असलेला मुलगा असतो. आज त्याचे गुण कमी असतील, पण त्याच्या शरीरात वाढीला जागा आहे. जाणकार निवडकर्ते या दुसऱ्या मुलाचं नाव खोडत नाहीत. म्हणूनच वयाचे खोटे दाखले या खेळाचं मोठं नुकसान करतात. बावीस वर्षांचा तरुण कुमार गटात उतरवला की चषक मिळतो, पण खऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची जागा आणि संधी दोन्ही जातात.

तिसरी गोष्ट मैदानाची. मातीवर पाय सरकतो, घसरून निसटता येतं. लीगचे सामने मॅटवर होतात; तिथे बूट पकड घेतो, वळण झटक्यात घेता येतं, पण घोट्यावर आणि गुडघ्यावर ताणही वाढतो. मातीवरचा उत्तम पकडीवाला मॅटवर पहिले काही महिने अर्ध्या पावलाने मागे पडतो. तालुक्याच्या ठिकाणी मॅटवर नियमित सराव मिळाला तर हे अंतर भरून निघतं. ज्याला तो मिळालाच नाही, त्याला पहिल्याच चाचणीत खालचा क्रमांक देणं अन्यायाचं आहे.

चौथी गोष्ट संघाच्या गरजेची. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही बाजूंचे कव्हर, डाव्या अंगाने चढाई करणारा, उजव्या अंगाने करणारा, अशा जागा ठरलेल्या असतात. संघाकडे उजव्या अंगाचे तीन चढाईपटू असतील तर चौथा कितीही चमकदार असला तरी त्याच्याआधी डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा घेतला जातो. चढाईपटू लवकर नजरेत भरतात, कारण त्यांची करामत एकट्याची दिसते. बचावपटू साखळीत खेळतो. कधी झेपावायचं, कधी थांबायचं, शेजाऱ्याला कशी साथ द्यायची हे अनेक हंगाम खेळूनच अंगी येतं. त्यामुळे चढाईपटू आणि बचावपटू यांना एकाच वयात एकाच मापाने मोजलं तर बचावपटूवर अन्याय होतो.

इतकं करूनही अंदाज चुकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये सहाव्या हंगामात यू मुंबाकडून लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक चढाई गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्या हंगामातही त्याने दोनशेचा टप्पा पार केला. नंतर खांद्याच्या दुखापतीने आठव्या हंगामात त्याला मोजकेच सामने खेळता आले. त्याच्या कौशल्यात काही उणं नव्हतं. पण ज्याची शैली जोरावर आणि लांब हातांवर उभी आहे त्याचा खांदा किती जपला जातो, हाही क्रम लावताना विचारायचा प्रश्न आहे.

याच्या उलटही घडतं. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये दरवर्षी शेकडो तरुणांची क्रमवारी लागते आणि संघ एकामागून एक निवड करतात. डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाने 1998 मध्ये पावेल दात्सुक या रशियन मुलाला 171व्या क्रमांकावर घेतलं आणि 1999 मध्ये स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गला 210व्या. त्यांच्याआधी नावं पुकारलेली कित्येक मुलं विस्मरणात गेली. हे दोघे 2008 मध्ये स्टॅन्ले चषक जिंकणाऱ्या संघाचे आधारस्तंभ होते. त्या संघाचे निवडकर्ते युरोपातल्या दूरच्या मैदानांवर जाऊन बसत होते, म्हणून इतरांना न दिसलेली मुलं त्यांना दिसली.

आपल्याकडे असं दूरवर जाऊन पाहण्याचा एक प्रयत्न सहाव्या हंगामाआधी झाला. देशातल्या 14 शहरांत चाचण्या घेऊन 18 ते 22 वयाची सुमारे 4,600 मुलं तपासली गेली आणि त्यातली 87 लिलावाच्या यादीत आली. शंभरातली जेमतेम दोन. उपक्रम चांगलाच होता, पण शहरात भरलेल्या एका दिवसाच्या चाचणीत मुलाचा एक दिवस दिसतो. त्या आठवड्यात माणगाव तालुक्यातल्या विळे-भागाडच्या कारखान्यात पाळी लागलेला किंवा पाय मुरगळलेला मुलगा तिथे पोहोचतच नाही. त्याच्याबद्दल सांगायला त्याच्या मागच्या तीन हंगामांची नोंद हवी. ती बहुधा कुठेच नसते.

मुलींच्या बाबतीत तर हा रस्ता अजून आखलेलाच नाही. 2016 मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिला स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या आइस दिवाज संघाची कर्णधार होती. पुढे ती स्पर्धा लीगचा भाग म्हणून टिकली नाही. रायगडच्या गावांतून कुमारी गटात जोमाने खेळणाऱ्या मुलींची यादी करणारा व्यावसायिक संघच नाही, मग त्यांची नोंद तरी कोण ठेवणार?

ही नोंद ठेवायला मोठा खर्च लागत नाही. सामन्याला गुणलेखक असतोच. त्याच्या शेजारी दुसरी वही घेऊन एक जण बसवला तर प्रत्येक चढाई लिहिता येते: कोणी केली, समोर किती गडी होते, गुण आला की रिकामी गेली, पकड कोणी आणि कोणत्या जागेवरून केली. हंगामाच्या शेवटी त्या वह्या तालुक्यातून जिल्हा संघटनेकडे गेल्या, मुलांच्या खऱ्या जन्मतारखा आणि वर्षातून दोनदा मोजलेली उंची-वजनं त्यात जोडली, तर रायगड जिल्ह्याची कुमारांची क्रमवारी कोणत्याही व्यावसायिक संघाच्या यादीपेक्षा विश्वासार्ह होईल. आणि ती दरवर्षी नव्याने लावली पाहिजे, म्हणजे सतराव्या वर्षी मागे पडलेल्या मुलाला विसाव्या वर्षी पुन्हा पाहिलं जाईल.

कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, 15 जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. पावसाळ्यात मैदानं बंद असतात, मंडळांच्या बैठका मात्र चालू असतात. माणगावच्या मंडळांनी यंदाच्या स्पर्धेचा खर्च मांडताना बक्षिसांच्या रकमेआधी त्या दुसऱ्या वहीची आणि ती लिहिणाऱ्या माणसाच्या मानधनाची तरतूद करावी.