नाव झाकून पाठवलेला लेख

आमच्या पिढीतल्या हौशी लेखकाला 'साभार परत' हे दोन शब्द चांगलेच ठाऊक आहेत. मासिकाकडे कथा धाडायची, सोबत तिकीट लावलेले परतीचे पाकीट ठेवायचे, आणि महिन्याभराने तेच पाकीट आपल्याच अक्षरातला पत्ता मिरवीत दारात आले की घरच्यांच्या आधी धावत जाऊन ते उचलायचे! माझ्या अशा पाकिटांचा गठ्ठा सौभाग्यवतींनी अजून माळ्यावर जपून ठेवला आहे. (कशासाठी, हे विचारण्याचा धीर मला आजवर झालेला नाही.) तेव्हा या प्रांतातला जुना अनुभवी म्हणून माझ्या भाचीने आपला लेख मला दाखवला यात नवल नव्हते. नवल वाटले ते तिच्या मागणीचे.

"मामा, हा मी लिहिलाय असं यात कुठून कळतं का, तेवढंच बघ."

मी चाटच पडलो. आयुष्यभर आम्ही धडपडलो ते नाव छापून यावे म्हणून!

भाची महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तिचा लेख जायचा होता तो परदेशातल्या एका संशोधनपत्रिकेकडे. या पत्रिकेचा विषय लिंगभाव आणि लैंगिकता. लिंगभाव म्हणजे बाई कशी असावी, पुरुष कसा असावा याविषयी समाजाने घालून दिलेले रिवाज. अशा पत्रिकेत संपादक एकटा निवाडा करीत नाही. तो लेख त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे धाडतो. लेख कुणाचा हे जाणकारांना कळत नाही आणि जाणकार कोण हे लेखकाला कळत नाही. नामवंताचा आहे म्हणून डोक्यावर घेणे नको आणि लहान गावातल्या बाईचा आहे म्हणून बाजूला सारणेही नको, हा त्यातला हेतू.

म्हणून नाव-पत्ता वेगळ्या पानावर लिहायचा. 'माझ्या पूर्वीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' असे म्हणायचे नाही. स्वतःविषयी तिऱ्हाइतासारखे लिहायचे. संगणक फाइलच्या पोटात लेखकाचे नाव गुपचूप नोंदून ठेवतो, तेही पुसायचे. आभाराचा परिच्छेद काढायचा, कारण आभारांवरून माणूस ओळखू येतो. (त्यात माझे नाव होते. गेले!) सोबत दीडशे-दोनशे शब्दांचा गोषवारा द्यायचा, आणि निकाल लागेपर्यंत तोच लेख दुसरीकडे पाठवायचा नाही. आम्ही एक कथा तीन दिवाळी अंकांना धाडीत असू, ते इथे खपत नाही. आणि लेख छापण्याआधीच पैसे मागून आठवड्यात छापून देणारी दुकाने निघाली आहेत, त्यांच्या वाटेला जायचे नाही.

"हे सगळं विलायती खूळ," मी म्हणालो.

"विलायती? मामा, मुंबईतच होतं की हे!"

मग तिने मला जे सांगितले ते माझ्यासारख्या जन्माने मुंबईकराला ठाऊक नसावे याची लाज वाटली. र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' मला ऐकून माहीत होते. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत रेटून चालवले. पण त्याच मुंबईत डॉक्टर ए. पी. पिल्ले यांनी 1934 मध्ये 'मॅरेज हायजीन' नावाचे इंग्रजी शास्त्रीय नियतकालिक सुरू केले होते. मध्यंतरी ते बंद पडले, युद्धानंतर पुन्हा उभे राहिले आणि पुढे 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झाले. अमेरिकेतले अल्बर्ट एलिस तिकडचे संपादक होते. स्त्रीच्या कामसुखाविषयी अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग या डॉक्टरांचा निबंध 1950 साली याच पत्रिकेत छापून आला. हे गृहस्थ आधी बर्लिनमध्ये डॉक्टरकी करणारे, नाझींच्या तुरुंगातून सुटून न्यूयॉर्कला पोचलेले. पुढे 1981 मध्ये त्यांच्या नावाचे आद्याक्षर देऊन काही संशोधकांनी त्या शोधाचे बारसे केले, आणि आजही त्यावर वाद झडतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचे हस्तलिखित मुंबईच्या पत्रिकेत! आपल्याकडे मात्र कुणाला गंधवार्ता नाही.

कर्व्यांची गोष्ट मला अधिक लागली, कारण तिथेही मामला नावाचाच होता. लोक त्यांना खाजगी शंका विचारीत. ज्या गोष्टी बायको नवऱ्याला आणि मुलगा बापाला विचारू शकत नव्हता, त्या कागदावर उतरत. विचारणाऱ्याचे नाव छापून येत नसे. उत्तर मात्र कर्वे स्वतःच्या नावाने देत. त्याच प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र घेतले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच ठरते असे नाही, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. दंड झाला दोनशे रुपये. प्रश्न विचारणारे सारे पडद्याआड सुखरूप राहिले आणि पिंजऱ्यात उभा राहिला तो संपादक.

भाचीचा लेख होता परिचारिकांवर. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोकणातून, देशावरून मुंबईच्या इस्पितळांत आलेल्या आणि लग्न न करता राहिलेल्या बायका. त्यातल्या दोघींनी एका बिऱ्हाडात चाळीस वर्षे काढली. जगाच्या लेखी त्या मैत्रिणी. थोरल्या मावशी वारल्या. धाकट्या ऐंशी ओलांडलेल्या. पुतणे सणावाराला येऊन जातात. भाचीने नावे बदलली, इस्पितळ बदलले आणि मसुदा त्यांना वाचून दाखवला.

मावशी शांतपणे ऐकत होत्या. एका परिच्छेदापाशी म्हणाल्या, "नाव बदललंस बाई. पण ती वस्तू? ती आमच्याच घरात आहे हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे."

"ओळखलं तर, मावशी? आता कायदाही बदललाय."

सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल मावशींनी वर्तमानपत्रात वाचला होता.

"माझं काय व्हायचंय आता! पण तिला कुणी विचारायचं? ती होय म्हणाली असती की नाही, ते मलाही सांगता येत नाही."

भाची म्हणते, त्या परिच्छेदावर लेखाचा सारा प्राण होता. ती वस्तू कोणती हे तिने मलाही सांगितलेले नाही. तिने तो परिच्छेद काढला आणि लेख धाडला.

आठ महिन्यांनी उत्तर आले. पहिल्या जाणकाराने बरे लिहिले होते. दुसऱ्याने तीन पाने खरडली होती. या दोघींच्या संसाराचा पुरावा काय? घरातले तपशील कुठे आहेत? इस्पितळ कोणते? हे सांगितल्याशिवाय लेख लंगडा आहे. गंमत अशी, की त्याला नेमका तो काढलेला परिच्छेदच हवा होता. लेख नाकारलेला नव्हता. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, असा निरोप होता. या धंद्यात तो शुभशकुन समजतात म्हणे.

चार दिवस भाचीचे जेवणात लक्ष नव्हते. बढतीची मुलाखत तोंडावर आली होती आणि छापील लेखांच्या यादीत एका ओळीची फार गरज होती. मी आपला व्यवहारी सल्ला दिला, "घाल तो परिच्छेद. इंग्रजी पत्रिका कॉलनीत कोण वाचतंय?"

"पुतण्याची मुलगी पीएचडी करतेय, मामा."

मी गप्प बसलो.

तिने प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर लिहिले. बाकीच्या साऱ्या दुरुस्त्या केल्या, नव्या मुलाखती घेतल्या. त्या एका मुद्द्यावर एवढेच कळवले, की जिची संमती आता घेता येत नाही तिच्या घरातले मी अधिक काही सांगणार नाही. लेख लंगडा राहिला तरी चालेल. संपादकांनी ते मान्य केले. मात्र तोवर बढतीची मुलाखत होऊन गेली होती आणि जागा दुसऱ्याला मिळाली होती.

यंदा श्रावणात लेख छापून आला. भाचीने त्याची छापील प्रत मावशींना नेऊन दिली. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागतो. चष्मा लावून त्यांनी सावकाश पाने उलटली.

"ती नाही ना यात?"

"नाही, मावशी."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि पदराने त्या वस्तूवरची धूळ पुसू लागल्या.