नुरा कुस्तीला कलम नाही

क्रीडाक्षेत्रातील लबाडीचा विषय निघाला की आपल्याला प्रथम क्रिकेट आठवते, आणि क्रिकेटबरोबर मुंबई, दिल्ली, दुबई अशी बडी शहरे आठवतात. वस्तुतः ही लबाडी ओळखण्याची जुनी जाण खेड्यातील आखाड्यापाशी आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये दौंड तालुक्यातील खुटबाव लागते. भीमेच्या खोऱ्यातील या साऱ्या पट्ट्यात ग्रामदैवताची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून दिवस मावळतानाच्या मानाच्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जाते, आणि त्यातला बराचसा पैसा घरोघरच्या वर्गणीचा असतो. दोन मल्लांनी आधीच संगनमत करून हे इनाम वाटून घ्यायचे ठरविले, तर त्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ हे नाव आहे. ‘कुस्ती निकाली झाली तरच इनाम’ अशी अट पुष्कळ गावे म्हणूनच आधी जाहीर करतात. ज्याने पैसा दिला तोच फडाभोवती बसलेला असतो, त्याला डाव कळतात, आणि लटक्या झटापटीचा निवाडा तो तेथल्या तेथे करतो. अर्थात हे चित्र फार रंगवू नये. पंच गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीतला असला की हाच फड मुका होतो.

परंतु या गावकीच्या न्यायाइतकाही आधार आपल्या कायद्याने प्रेक्षकाला दिलेला नाही. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण या तीन खेळाडूंना अटक केली. एका षटकात ठरल्याइतक्या धावा देण्यासाठी सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याचा त्यांच्यावर आरोप होता. या कृत्याला नेमके कलमच नसल्याने पोलिसांनी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला, दिल्लीतही लागू असलेला संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘मोक्का’, हाती घेतला. टोळीयुद्धासाठी घडविलेले हे हत्यार येथे लागू पडले नाही. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सर्व आरोपींना दोषमुक्त केले. क्रिकेट मंडळाने घातलेली बंदी तेवढी राहिली.

कर्नाटकातील प्रकरण याहून उद्‍बोधक आहे. तेथील प्रीमियर लीगमधील खेळाडूंवर फसवणुकीचे ४२० कलम लावण्यात आले होते. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. सामना विकणे ही अप्रामाणिकता व बेशिस्त खरी, पण प्रेक्षक तिकीट स्वेच्छेने घेतो, म्हणून ही कायद्याच्या अर्थाने फसवणूक नव्हे, असा त्या निकालाचा आशय. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ते योग्यच झाले. यात्रेची वर्गणीही माणूस स्वेच्छेनेच देतो. म्हणून नुरा कुस्ती पाहून उठलेला गावकरी फसला नाही, असे खुटबावात कोणी म्हणेल काय?

आणि प्रश्न केवळ तिकिटाच्या पैशाचा नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पंचाची एक शिट्टी कोणाच्या हाती प्रमाणपत्र देते आणि कोणाची जागा घेते, हे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतील चार गुणांवरून राज्यभर वादंग माजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन गटांनी फुलगाव आणि धाराशिव येथे दोन ‘महाराष्ट्र केसरी’ निवडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला निर्णयाने चिडलेल्या शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. यांपैकी कोठेही कुस्ती विकली गेल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि लाथेचे समर्थन तर मुळीच नको. पण संघटनाच दुभंगलेल्या असताना त्यांनी नेमलेल्या पंचाकडे मल्ल विश्वासाने पाहील, ही अपेक्षाही भाबडी आहे.

विधी आयोगाने जुलै २०१८ मधील २७६ व्या अहवालात सामनेनिश्चिती हा स्वतंत्र गुन्हा करण्याची शिफारस केली होती. श्रीलंकेने २०१९ साली तसा कायदा करून दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही केली. आपल्याकडे दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ हा विषय राज्यसूचीत ३३ व्या आणि पैजा व जुगार हा ३४ व्या नोंदीत आहे. ‘मोक्का’ करणाऱ्या विधिमंडळाला हाही कायदा करता येईल. त्यात विकल्या जाणाऱ्या पोरापेक्षा विकत घेणाऱ्याला अधिक शिक्षा असावी. आमिष आल्याचे वेळीच सांगणाऱ्या खेळाडूला संरक्षण मिळावे. पंचांची नेमणूक संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी नव्हे, तर स्वतंत्र यादीतून चिठ्ठी टाकून व्हावी. आणि प्रेक्षकाला तक्रारदार म्हणून उभे राहण्याचा हक्क असावा.