ध्वनिवर्धकाचा मोठेपणा कशाने मोजावा?

ध्वनिमुद्रित संगीत मूळ संगीताशी होईल तितके इमान राखून ऐकू यावे, यासाठी वेळ, पैसा आणि प्रसंगी घरातील शांतताही खर्ची घालणारा एक वर्ग जगभर आहे. हाय-फायचे शौकीन या नावाने तो ओळखला जातो. या मंडळींत एक वाद गेली कित्येक दशके चालू आहे. आजवर झालेल्या ध्वनिवर्धकांपैकी, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतील स्पीकरांपैकी, सर्वांत प्रभावी रचना कोणती? कोणी अमेरिकेतील क्लिप्शचे नाव घेतो, कोणी इंग्लंडातील क्वाडचे, कोणी बीबीसीच्या इवल्याशा पेटीचे. आणि प्रत्येक जण ते अशा आवेशाने घेतो की, आपल्याकडील घराण्याभिमानी श्रोत्यांची आठवण व्हावी.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. ध्वनिशास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा त्याला हक्क नाही. परंतु या वादात 'प्रभाव' हा शब्द ज्या सैलपणाने वापरला जातो, तो पाहून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वस्थ बसवत नाही. बहुतेक वादपटू 'मला सर्वांत अधिक आवडलेला' आणि 'सर्वांत प्रभावी' यांत फरकच करीत नाहीत. उत्तम वस्तू आपल्या मालकाला सुख देते. प्रभावी वस्तू, ज्यांनी तिचे नावही ऐकलेले नाही अशांच्या घरातील वस्तू बदलून टाकते. ही कसोटी लावली की यादीतील काही मानाची नावे खाली सरकतात.

कसोटी काटेकोरपणे लावायची तर पहिला मान १९२५ सालालाच द्यावा लागेल. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या संशोधकांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्या वेटोळ्याला जोडलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून ध्वनीचा विद्युत्प्रवाह गेला की शंकू मागेपुढे हलतो आणि हवेला हलवतो. मूळ कल्पना त्यांची नव्हे; ऑलिव्हर लॉज यांनी अशा रचनेचे पेटंट १८९८ मध्येच इंग्लंडात घेतले होते. परंतु ती घरात वापरण्याजोगी केली ती या दोघांनी. दिवाणखान्यातील टीव्हीपासून रिक्षात मागे बसवलेल्या डब्यापर्यंत आज वाजणारा जवळजवळ प्रत्येक स्पीकर तिचा वंशज आहे. तरीही या वादात तिला कोणी मत देत नाही. जी गोष्ट सर्वत्र असते, ती दिसेनाशी होते.

शंकू मात्र एकटा काही कामाचा नाही. तो पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची विरळ करतो, आणि या दोन लहरी कडेने एकमेकींना भेटल्या की खालच्या सुरांत परस्परांना नाहीसे करतात. खर्ज हरवतो. म्हणून शंकू पेटीत बसवावा लागतो. आणि हाय-फायचा इतिहास हा बव्हंशी या पेटीचाच इतिहास आहे. अर्कान्सास राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून जी पेटी बनवायला घेतली, तिच्यात त्यांनी भला मोठा कर्णा घडी घालून बसवला होता. पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे दोन बाजूंच्या भिंतीच कर्ण्याचे पुढचे तोंड होतात. चारपाच वॉटमध्ये दिवाणखाना दणाणून जावा, अशी तिची कार्यक्षमता. ही पेटी आजही विकत मिळते. गृहस्थ मोठे विक्षिप्त. प्रतिपक्षाचे दावे ऐकले की कोटाच्या आतल्या बाजूस लावलेला एक पिवळा बिल्ला ते उलगडून दाखवीत. त्यावर 'थापा' या अर्थाचा एक रांगडा शब्द छापलेला असे.

क्लिप्श यांची पेटी थोर खरी, पण तिला जागा हवी, आणि मोकळा कोपरा हवा. या अडचणीवरील उत्तर १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सुरू झालेल्या अकूस्टिक रिसर्च, संक्षेपाने एआर, या छोट्या कंपनीने दिले. एडगर व्हिल्चुर हे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मिती हा विषय शिकवीत. हेन्री क्लॉस हा त्यांचा विद्यार्थी. व्हिल्चुर यांची युक्ति अशी होती. शंकूला मागे खेचून आणण्याचे काम आजवर त्याच्या कडेची ताठ घडी आणि आतला आधार करीत असे, आणि ते काम ती फार वाईट करीत असत. शंकू जास्त हलला की ओढ बिघडे आणि सूर फाटे. व्हिल्चुर यांनी हा आधार मुद्दाम ढिला केला, पेटी हवाबंद केली, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवेची स्प्रिंग कोणत्याही कापडी घडीपेक्षा इमानी असते. परिणाम असा झाला की पंचवीस इंच उंचीच्या, पुस्तकांच्या मांडणीत आडव्या ठेवता येणाऱ्या पेटीतून असा खर्ज येऊ लागला, की ज्यासाठी पूर्वी कपाट लागे.

हे फुकट मिळाले नाही. क्लॉस यांच्याबरोबर पुढे एआरमधून बाहेर पडलेले अँटन हॉफमन यांनी त्याचा जो हिशेब मांडला, तो त्या व्यवसायात 'लोखंडी नियम' म्हणून प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त कार्यक्षमता या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी पदरात पडतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते. आमच्या शास्त्रात यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो समजावून सांगताना बंदुका आणि लोणी यांच्यापेक्षा हे उदाहरण कितीतरी चांगले. व्हिल्चुर यांनी कार्यक्षमता सोडली. त्यांच्या पेटीला क्लिप्शच्या कितीतरी पट वॉट लागत.

मग ती जिंकली कशी? येथे ध्वनिशास्त्र संपते आणि बाजारपेठ सुरू होते. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, आणि एका रात्रीत नव्हे, पण पाचसात वर्षांत प्रत्येक श्रोत्याला एकाऐवजी दोन पेट्या हव्या झाल्या. ज्याच्या घरात एक मोकळा कोपरा सापडणे कठीण, त्याने दोन कोठून आणावेत? जागा महाग झाली. उलट १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि वॉट स्वस्त झाले. जे सोडले ते स्वस्त होत गेले आणि जे राखले ते महाग होत गेले. याहून अनुकूल ग्रहमान कोणत्या उद्योजकाला लाभावे? १९६६ च्या सुमारास अमेरिकेतील स्पीकरांच्या बाजाराचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा एआरकडे होता. कंपनीची विक्रीची रीतही न्यारी होती. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानकात तिने एक संगीतकक्ष उघडला होता; तेथे कोणीही येऊन तासन् तास ऐकत बसावे, मात्र तेथे काहीही विकले जात नसे.

व्हिल्चुर यांना १९५६ मध्ये मिळालेले पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही. प्रतिस्पर्धी कंपनीने हॅरी ओल्सन यांचे १९४९ चे एक पेटंट पुढे केले आणि कल्पना नवी नसल्याचे ठरले. व्हिल्चुर वरच्या न्यायालयात गेले नाहीत. हवाबंद पेटी सर्वांची झाली, आणि जो तो ती बनवू लागला. एआर-३ या १९५८ च्या नमुन्यात वरच्या सुरांसाठी व्हिल्चुर यांनी जो घुमटाकार पडदा वापरला, त्याचीही पुढे सर्वत्र नक्कल झाली. पुढे हेच गृहस्थ श्रवणयंत्रांकडे वळले, आणि त्या क्षेत्रातील आपले महत्त्वाचे संशोधन १९७३ मध्ये पेटंट न घेता त्यांनी सरळ प्रसिद्ध करून टाकले. कोर्टातील पराभवाने ते इकडे वळले की मुळातला शिक्षकी पिंड उफाळून आला, हे सांगता येत नाही. पण प्रभावाच्या कसोटीवर त्यांचा पराभव हाच त्यांचा मोठा विजय ठरतो.

याच्या उलट क्वाडची गोष्ट. पीटर वॉकर यांनी हंटिंग्डन येथे १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या स्थिरविद्युत ध्वनिवर्धकात शंकू नाही, पेटीही नाही; सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला अतितलम पडदा विद्युद्दाबाने हलतो. मानवी आवाज आणि तंतुवाद्ये त्यातून जशी ऐकू येतात तशी इतरत्र नाहीत, असे जाणकार आजही म्हणतात आणि मला ते मान्य आहे. पण खर्ज बेताचा, आवाजाला मर्यादा, किंमत भारी. त्याच्या मार्गाने गेलेले कारखाने बोटांवर मोजावेत. उलट जपानच्या यामाहा कंपनीचा १९७८ चा एनएस-१० हा पांढऱ्या शंकूचा छोटा स्पीकर घरगुती श्रोत्यांना मुळीच रुचला नाही. त्याचा वरचा सूर इतका बोचरा की स्टुडिओतील तंत्रज्ञ त्यावर पातळ टिश्यू पेपर चिकटवीत. तरी त्याच तंत्रज्ञांनी तो प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या मेजावर नेऊन ठेवला, कारण त्यावर बरे वाजलेले गाणे कोठेही बरे वाजते अशी त्यांची समजूत झाली. १९८० च्या दशकातील पाश्चात्त्य सुगम संगीत घडले ते बव्हंशी या नावडत्या पेटीवर ऐकून. आवड आणि प्रभाव यांत एवढे अंतर असू शकते.

शिवाय आवडीवर तरी किती विसंबावे? फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, सरकारी खर्चाने, स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांकडून गुण देववले, तेव्हा भिन्न रुचीच्या माणसांची मते आश्चर्य वाटावे इतकी जुळली. पुढे १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह आणि टूल यांनी तोच प्रयोग पडदा काढून केला. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा एक लहान, स्वस्त संच डोळ्यांपुढे येताच खाली घसरला.

बीबीसीच्या पेटीची गोष्टही सार्वजनिक पैशाचीच आहे. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल एवढा, फूटभर उंचीचा एलएस३/५ए हा स्पीकर तिच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात तयार केला, त्यावरील अहवाल छापला, आणि तो बनवण्याचा परवाना अनेक कारखान्यांना दिला. नफ्यासाठी नव्हे, तर निवेदकाचा आवाज निवेदकासारखा ऐकू यावा म्हणून.

तरीही माझे मत यांपैकी कोणत्याच पेटीला नाही. ते नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याच्या निबंधाला आहे. पेटीला भोक ठेवून शंकूच्या मागच्या लहरीचा उपयोग करून घेण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील थुरास यांनी १९३० मध्येच मांडली होती. पण भोक केवढे, पेटी केवढी, हे अंदाजाने आणि सुताराच्या संयमाने ठरे. थील यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की अशी पेटी म्हणजे गणिताच्या दृष्टीने विजेची एक गाळणीच होय, आणि त्या गाळणीचे गणित तर अभियंत्यांना पाठच आहे. अठ्ठावीस तऱ्हांचे कोष्टक त्यांनी देऊन टाकले. निबंध एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात दहा वर्षे पडून राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेत तो पुन्हा छापला गेला, आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुरे केले. आज जगातील जवळजवळ प्रत्येक कारखाना आपल्या स्पीकरबरोबर जे आकडे छापतो, त्यांना या दोघांचीच नावे आहेत. ज्ञानावर मालकी नसेल तर ते निर्माणच होणार नाही, असे आमच्या पाठ्यपुस्तकांत फार ठामपणे लिहिलेले असते. ते शिकवताना मला अलीकडे थील आठवतात.

आमच्या वसतिगृहात एका मित्राने लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची दोन स्पीकर आणले होते आणि गावच्या सुताराकडून पेट्या करून घेतल्या होत्या. पेटी केवढी? खाटेखाली सरकेल एवढी. भोक केवढे? सुताराकडे प्लास्टिकच्या नळाचा जो तुकडा उरला होता, तेवढे. तबलावादक कोणीही असो, त्या पेटीतून डग्गा एकाच सुरात घुमे. तरी आम्ही ते रात्र रात्र ऐकत असू. दोन वर्षांपूर्वी त्याने त्या पेट्या माळ्यावरून काढल्या, शंकूवर ठरावीक वजनाची नाणी चिकटवून एका मीटरच्या साहाय्याने थील आणि स्मॉल यांचे आकडे काढले आणि फुकट मिळणाऱ्या एका संगणकप्रणालीत घातले. पेटी जवळजवळ दुप्पट मोठी हवी होती. ते आता शक्य नव्हते. त्याने नळीच्या तोंडात जुन्या गादीतला स्पंज कोंबला. खर्ज थोडा उतरला, घुमणे गेले, आणि डग्ग्यावरची मींड आम्हांला त्या पेटीतून प्रथमच ऐकू आली.