अनुभवाचे मोल आणि उद्याची बेगमी

अमेरिकेतील बेसबॉलच्या जगात दर उन्हाळ्यात एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. विजेतेपदाची आशा मावळलेल्या संघाने आपले मुरलेले खेळाडू बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला देऊन मोबदल्यात होतकरू पोरे घ्यावीत काय? आपल्या रणजी सामन्यांत अशी अदलाबदल नाही; परंतु संघात जागा अकराच असल्याने प्रश्न टळत नाही. वडीलधाऱ्याला ठेवले की एखादा तरुण बाहेर बसतो, आणि विशीतली त्याची उमेदीची वर्षे कोणासाठी थांबत नाहीत.

पुणेकरांना याचे उत्तर सोपे वाटण्याचा संभव आहे. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांनी 1939-40 व 1940-41 असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. निवड समितीने केवळ जन्मतारीख पाहिली असती, तर ती खेळी झालीच नसती.

परंतु ही गोष्ट अर्धीच आहे. त्याच संघात पंचविशीही न गाठलेल्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या होत्या. पुढे हजारे संस्थानी आश्रयामुळे बडोद्याकडे गेले आणि 1942-43 चा करंडकही बडोद्याने जिंकला. महाराष्ट्राने त्यानंतर 1970-71, 1992-93 व 2013-14 मध्ये अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा पदरी पराभवच आला. तरुण हातचा गेला की त्याची किंमत लगेच दिसत नाही, ती पुढे चुकती करावी लागते.

याच्या उलट उदाहरण 2017 च्या आयपीएलमधील पुण्याच्या संघाचे. तो संघ दोनच वर्षांसाठी होता. उद्याची बेगमी करण्याचे त्याला कारणच नव्हते. तरीही दहा लाखांत घेतलेल्या राहुल त्रिपाठीने त्या मोसमात 391 धावा केल्या. मुंबईविरुद्धच्या पात्रता सामन्यात धोनीने 26 चेंडूंत नाबाद 40 धावा फटकावल्या आणि सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने तीन बळी घेतले. अंतिम सामना अवघ्या एका धावेने गेला. संघ विसर्जित झाला आणि या दोन तरुणांचा पुढचा बहर इतरांच्या अंगणात फुलला. मात्र त्यांना संधी मिळाली होती ती भविष्याकडे पाहून नव्हे, तर ते त्या दिवशी उपयोगी होते म्हणून.

2025 मध्ये महाराष्ट्राने अडतीस वर्षांच्या जलज सक्सेनाला बाहेरून आणले, तेव्हा हाच वाद नव्याने उभा राहिला. सक्सेनाच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. रणजी स्पर्धेत सहा हजार धावा आणि चारशे बळी मिळविणारा तो दुर्मिळ खेळाडू आहे. विचार करावयाचा तो इतकाच : यंदा करंडक खरोखर आवाक्यात आहे काय? त्या जागेसाठी नाशिकचा वा सोलापूरचा एखादा फिरकी गोलंदाज आजच तयार असून ताटकळत आहे काय? आणि ज्येष्ठाजवळची विद्या त्या मुलाकडे पोहोचते आहे काय?

पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर वय गौण ठरते. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील आणि मुलगा तयार असेल, तर ज्येष्ठाला सन्मानाने निरोप देणे हेच योग्य. कारण दोन वर्षांच्या संघाप्रमाणे महाराष्ट्राचा रणजी संघ उद्या विसर्जित व्हावयाचा नाही. मात्र निकष मोसमापूर्वी सर्वांना सांगितलेला असावा. सेवाज्येष्ठतेची यादी आणि नव्या रक्ताची घोषणा, दोन्ही सारख्याच आंधळ्या असतात. कचेरीत आणि शिक्षकांच्या खोलीत ज्यांनी दोन्ही अनुभवल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.