थेंबाच्या पोटातले मीठ

जुलैत पनवेलला घरात वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस दमट राहतात. त्याच दिवसांत घाटापलीकडे, सोलापुरात, डोक्यावरून ढग जातात आणि पडत नाहीत. अरबी समुद्रावरचा वारा माथेरान-खंडाळ्याचे कडे चढताना बराच ओलावा अलीकडेच रिता करतो. तरीही पर्जन्यछायेतला ढग कोरडा नसतो. त्यात पाणी असते, पण ते फार बारीक थेंबांत वाटले गेलेले असते. अशा थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन. १ मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एक व्हावे लागतात. सगळेच सारखे बारीक असले, तर ते एकमेकांवर फारसे आदळत नाहीत.

मग त्यांच्यात थोडे मोठे थेंब घुसवले तर? मीठ पाणी ओढते, हे पावसाळ्यात स्वयंपाकघरातही दिसते; म्हणून ढगात मिठाचा कण टाकला, तर त्यावर मोठा थेंब धरू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षे सोडून, अकरा पावसाळे बारामती परिसरात हा प्रयोग केला. डाकोटा विमानातून मिठाची पूड ढगात सोडली. पाऊस २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. तरी एक प्रश्न शिल्लकच होता. पुढे २००३ आणि २०१५ साली दुष्काळात राज्यात कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली, तेव्हा गावोगावचे लोकही तोच विचारत होते: हा पाऊस तुम्ही पाडलात, की तो पडणारच होता? मला हा प्रश्न अत्यंत रास्त वाटतो.

त्याचे उत्तर द्यायचे तर टाकलेले मीठ थेंबाच्या आत सापडायला हवे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात संस्थेने सोलापुरात तळ ठोकला. ढग आणि पाऊसवाढीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या ‘कायपीक्स’ मोहिमेचा हा चौथा टप्पा, थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालचा. दोन विमाने होती. एकाच्या पंखांना क्षारांच्या नळकांड्या लावलेल्या. ते ढगाच्या तळाशी, जिथे हवा वर चढते तिथे, नळकांडी पेटवायचे. क्षारांचा धूर त्या प्रवाहाबरोबर ढगात शिरायचा. दुसरे विमान मोजणारे.

इथे खरी अडचण होती. ढगात धूर सापडला, एवढ्याने काहीच ठरत नाही. तो थेंबांच्या मधल्या हवेत नुसता तरंगतही असेल. म्हणून मोजणाऱ्या विमानावर एक खास तोंड बसवलेले होते. त्यातून कोरडी हवा उलट, बाहेरच्या दिशेने सोडली जाते. धुराचे हलके कण तिच्या माऱ्याने बाहेरच ढकलले जातात; वजनदार थेंब मात्र आपल्या वेगाने तो झोत भेदून आत येतात. आत थेंबाचे पाणी उडून जाते आणि मागे राहतो तो कण, ज्यावर थेंब धरला होता. हा उरलेला कण वस्तुमान-वर्णपटमापकात जातो. तिथे तापलेल्या पृष्ठावर त्याची वाफ होते आणि ती कोणत्या घटकांची, ते कळते.

२०१९ च्या उड्डाणांत बीज, म्हणजे हे क्षार, न टाकलेले आणि टाकलेले ढग असे तपासले गेले. बीज टाकलेल्या ढगांतल्या थेंबांच्या अवशेषांत पोटॅशियम आणि क्लोराइड वाढलेले आढळले. ढगाच्या तळापासून सव्वादोन किलोमीटर वरही ते सापडले. म्हणजे नळकांडीतला क्षार थेंबाच्या पोटात होता. महेन कोंवर आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. जवळपास शतकभर जगभर ढगांत बीज टाकले जात असताना इतका थेट पुरावा क्वचितच हाती आला होता, आणि तो सोलापूरच्या आभाळात मिळाला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अर्थात थेंबात मीठ सापडणे म्हणजे शेतात पाऊस पडणे नव्हे. त्यासाठी रडार आणि पर्जन्यमापकांचा वेगळा हिशेब झाला. २७६ ढग यदृच्छेने निवडले होते, काहींत बीज टाकले, काही नुसते पाहिले. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ दिसली, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. निरभ्र आभाळाला याचा काहीच उपयोग नाही, आणि ढग योग्य असला तरी संधी थोडा वेळच असते. म्हणून पुढच्या दुष्काळात नळकांड्यांचे विमान उडेल, तेव्हा मोजणारे विमानही सोबत हवे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.